रत्नागिरीतल्या १० बाय १२ च्या खोलीला नेमका किती टनाचा एसी लागतो? हिशोब समजून घ्या

एप्रिल-मे महिना आला की कोकणातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांमध्ये एक संवाद हमखास ऐकू येतो.

"खोली केवढी आहे?"
"दहा बाय बारा."
"वर स्लॅब आहे?"
"हो."
"मग दीड टन घ्या. एक टनाने भागायचं नाही."

गिऱ्हाईक मान डोलावतं, हप्ते बांधले जातात आणि दीड टनाचा एसी भिंतीवर चढतो. खोली दहा मिनिटांत गार होते. पण मध्यरात्री जाग येते तेव्हा अंगावर काटा असतो आणि चादर दमट लागते. पावसाळ्यात कपाटातल्या कपड्यांना बुरशीचा वास येतो. एसीत बिघाड आहे म्हणून मेकॅनिक बोलावला जातो, तो गॅस तपासून "सगळं बरोबर आहे" म्हणून निघून जातो.

अनेकदा एसीत खरंच बिघाड नसतो. खोलीच्या मानाने तो मोठा असतो. आणि कोकणासारख्या दमट हवेत मोठा एसी म्हणजे जास्त आराम, हे गणित चुकतं. ते का चुकतं आणि बरोबर गणित कसं करायचं, ते सोप्या भाषेत समजून घेऊ.

टन म्हणजे कसला टन?

एसीच्या टनाचा त्याच्या वजनाशी काही संबंध नाही. हा शब्द बर्फाच्या जमान्यातला आहे.

यंत्राने गारवा तयार करता येत नव्हता तेव्हा थंड देशांतल्या गोठलेल्या तळ्यांमधला बर्फ कापून जहाजाने गरम देशांत पाठवला जायचा. अमेरिकेतल्या बोस्टनचा व्यापारी फ्रेडरिक ट्यूडर याने १८३३ मध्ये असा बर्फ थेट कलकत्त्यापर्यंत पोहोचवला होता. पुढे गारवा देणारी यंत्रं आली, तेव्हा लोकांना एकच तुलना कळत होती, ती म्हणजे हे यंत्र किती बर्फाचं काम करतं.

एक अमेरिकी टन, म्हणजे सुमारे ९०७ किलो बर्फ २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेतो, तेवढी उष्णता खोलीबाहेर काढणारा एसी म्हणजे एक टनाचा एसी. वॉटमध्ये सांगायचं तर साधारण ३,५०० वॉट.

इथे एक गोंधळ नेहमी होतो. हे ३,५०० वॉट म्हणजे एसी खातो ती वीज नव्हे. ती खोलीतून बाहेर टाकलेली उष्णता आहे. एसी उष्णता तयार करत नाही, फक्त आतली उचलून बाहेर नेतो. त्यामुळे ३,५०० वॉट उष्णता हलवायला त्याला साधारण १,००० वॉटच्या आसपास वीज पुरते.

म्हणजे एसी निवडताना खरा प्रश्न असा असतो, की आपल्या खोलीत दर क्षणाला किती वॉट उष्णता शिरते? तो आकडा मिळाला की ३,५०० ने भागायचं. टन हाताशी येतो.

३३ डिग्रीला एवढा घाम का?

रत्नागिरीत मे महिन्यात कमाल तापमान साधारण ३२-३३ डिग्रीच्या आसपास असतं. विदर्भात त्याच वेळी ४३-४४ डिग्री असते. तरी नागपूरचा माणूस रत्नागिरीत उतरला की दोन तासांत शर्ट पिळायची वेळ येते.

याचं कारण हवेतलं पाणी. ३२ डिग्री तापमान आणि ७० टक्के आर्द्रता असेल तर एका घनमीटर हवेत जवळपास २४ ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात असतं. ४३ डिग्री तापमान आणि २० टक्के आर्द्रता असेल तर तेच पाणी १२ ग्रॅमच्या आसपास भरतं. थोडक्यात, पारा ११ डिग्रीने कमी असूनही किनाऱ्यावरच्या हवेत पाणी दुप्पट. मग अंगावरचा घाम वाळणार कुठे?

हवामान विभागही हा फरक मानतो. मैदानी भागात उष्णतेच्या लाटेचा विचार ४० डिग्रीपासून सुरू होतो, तर किनारपट्टीसाठी ३७ डिग्री आणि सरासरीपेक्षा किमान ४.५ डिग्रीची वाढ हा निकष आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये समुद्रावरून येणारे खारे वारे उशिरा सुटले आणि जमिनीकडचे मतलई वारे दुपारपर्यंत वाहत राहिले, की कोकणात असे दिवस येतात.

एसीच्या दृष्टीने याचा अर्थ काय? रत्नागिरीत एसीला दोन कामं करावी लागतात. एक, हवेचं तापमान उतरवणं. दोन, हवेतलं पाणी काढणं. वाफेचं पाणी करायला बरीच उष्णता काढावी लागते. एसीच्या पाइपमधून बादलीत ठिबकणारं पाणी हा या दुसऱ्या कामाचा पुरावा.

गंमत म्हणजे एसीचा जन्मच या दुसऱ्या कामासाठी झाला. १९०२ मध्ये विलिस कॅरियर या तरुण इंजिनिअरने न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी यंत्रणा आखली. तिथे दमट हवेने कागद फुगायचा आणि रंग जागेवर बसायचे नाहीत. माणसांना गार वाटावं म्हणून नाही, तर हवेतला ओलावा आवरावा म्हणून ती यंत्रणा होती.

खोलीत उष्णता येते कुठून? सहा वाटा

आता हिशोब. रत्नागिरीतली एक नेहमीची खोली घेऊ. दहा बाय बारा फूट, म्हणजे ११ चौरस मीटर. उंची दहा फूट. सगळ्यात वरचा मजला, डोक्यावर उघडा स्लॅब. दोन भिंती बाहेरच्या, दोन आतल्या. पश्चिमेला चार बाय चारची खिडकी. आत दोन माणसं. बाहेर ३२ डिग्री, आत २५ डिग्री हवंय.

पहिली वाट, छत. रत्नागिरी साधारण १७ अक्षांशावर आहे. त्यामुळे ८ मेच्या आसपास दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली जाते. या दिवसांत भिंतींपेक्षा गच्ची जास्त तापते. स्लॅबचा वरचा भाग ५० डिग्रीपर्यंत सहज जातो. उघड्या स्लॅबमधून एका चौरस मीटरला, दर डिग्री फरकामागे सुमारे ३ वॉट उष्णता आत येते. ११ गुणिले ३ गुणिले २५ डिग्रीचा फरक, म्हणजे साधारण ८०० वॉट.

दुसरी वाट, भिंती आणि जमीन. बाहेरच्या भिंतींवर ऊन पडतं, आतल्या भिंतींपलीकडे एसी नसलेली खोली असते, खाली दुसऱ्याचं घर असतं. हे सगळं मिळून ७०० वॉट धरा.

तिसरी वाट, खिडकी. दुपारी चारच्या पश्चिमेच्या उन्हात चार बाय चारच्या काचेतून पडदा नसेल तर ६०० वॉटपेक्षा जास्त उष्णता आत येते. जाड, फिकट रंगाचा पडदा असेल तर ४०० धरा.

चौथी वाट, माणसं. नुसतं बसलेलं माणूसही साधारण ११५ वॉट उष्णता सोडतं. आंब्याच्या आढीत हात घातला की जो उबारा लागतो, तोच प्रकार. जिवंत गोष्ट श्वास घेते आणि उष्णता टाकते. दोन माणसांचे २३० वॉट.

पाचवी वाट, उपकरणं. पंखा, टीव्ही, ट्यूब. ही जेवढी वीज खातात, ती शेवटी उष्णता होऊन खोलीतच राहते. १५० वॉट.

सहावी वाट, फटी. दाराखालून, खिडकीच्या चौकटीतून बाहेरची हवा येत राहते. तासाभरात खोलीतली हवा एकदा बदलते असं धरलं तर ती गार करायला ७५ वॉट लागतात आणि तिच्यातलं पाणी काढायला २८५ वॉट. एकूण ३६० वॉट. म्हणजे या वाटेने येणारं खरं ओझं तापमानाचं नाही, ओलाव्याचं आहे.

बेरीज करा. ८०० अधिक ७०० अधिक ४०० अधिक २३० अधिक १५० अधिक ३६०, बरोबर २,६४० वॉट. भागिले ३,५००. उत्तर आलं पाऊण टन.

तापलेली खोली सुरुवातीला गार करायला थोडा जोर जास्त लागतो. त्यासाठी २० टक्के वाढवले तरी ०.९ टन. म्हणजे वरच्या मजल्यावरच्या, पश्चिमेच्या खिडकीच्या खोलीलाही एक टन पुरतो. तीच खोली मधल्या मजल्यावर असेल तर छताचे ८०० वॉट जाऊन १५० उरतात, बेरीज २,००० च्या आत येते आणि ०.८ टनाचा एसीही चालून जातो.

मग दीड टन घेतला तर बिघडलं कुठे?

वरचा हिशोब दुपारी चारचा आहे. पण घराघरांत एसी लागतो रात्री.

रात्री अकरा वाजता काय होतं? ऊन नाही, म्हणून खिडकीचा आकडा जवळपास शून्य. स्लॅब अजून कोमट आहे, त्याचे ३०० धरा. भिंती आणि जमिनीचे ४००. झोपलेली दोन माणसं २००. पंखा ५०. फटी ३००. एकूण १,२५० वॉट, म्हणजे टनाचा जेमतेम तिसरा हिस्सा.

आता दुसरा आकडा बघा. दुपारच्या २,६४० वॉटमध्ये ओलाव्याचा वाटा साधारण १४ टक्के होता. रात्री बाहेरचं तापमान उतरतं, पण हवेतलं पाणी फारसं कमी होत नाही. त्यामुळे १,२५० वॉटमध्ये ओलाव्याचा वाटा २५ टक्क्यांच्या पुढे जातो. पावसाळ्यात तर तो आणखी वाढतो.

अशा वेळी दीड टनाचा, म्हणजे ५,२५० वॉटचा साधा एसी काय करतो? काही मिनिटांत हवा २४ डिग्रीवर आणतो आणि कॉम्प्रेसर बंद करतो. पण पाणी काढण्यासाठी आतली कॉइल बराच वेळ गार राहावी लागते. तिच्यावर थेंब जमून पाइपपर्यंत ओघळायलाही वेळ लागतो. कॉम्प्रेसर बंद पडतो, आतला पंखा फिरत राहतो आणि कॉइलवरचं पाणी वाफ होऊन पुन्हा खोलीत येतं.

परिणाम म्हणजे खोली थंड, पण दमट. थर्मोस्टॅटला फक्त तापमान कळतं, ओलावा कळत नाही. मग चिकचिक जाईना म्हणून रिमोट हातात घेऊन २४ चे २० केले जातात. थंडी वाढते, बिल वाढतं, दमटपणा राहतो. गार झालेल्या भिंतीच्या कोपऱ्यात बाहेरची दमट हवा लागली की तिथे पाणी सुटतं आणि बुरशी धरते. घरात दमा किंवा ॲलर्जी असलेलं कुणी असेल तर हा प्रश्न फक्त पैशांचा राहत नाही.

पैशांचं म्हणाल तर मोठ्या एसीची किंमत जास्त आणि वारंवार चालू-बंद होणाऱ्या कॉम्प्रेसरची झीजही जास्त. त्यात महावितरणच्या घरगुती बिलात १०० आणि ३०० युनिटच्या पुढे दर चढत जातो. त्यामुळे वाया गेलेली युनिटं सगळ्यात महागड्या टप्प्यात मोजली जातात.

"अर्धा टन जास्त घ्या" हा सल्ला आला कुठून?

तो सल्ला सगळीकडे चुकीचा नाही. एसीची छापील क्षमता बाहेर ३५ डिग्री असताना मोजलेली असते. बाहेर ४५ डिग्री झाली की एसीची ताकद घटते. चंद्रपूर, अकोल्यात थोडी जास्त क्षमता घेण्याला त्यामुळे अर्थ आहे. रत्नागिरीत मे महिन्यातही पारा बहुतेक दिवस ३५ च्या खालीच असतो, त्यामुळे छापील क्षमता जवळपास पूर्ण मिळते.

इन्व्हर्टर एसी घेतला तर चूक थोडी झाकली जाते, कारण तो गरजेप्रमाणे वेग कमी करून सलग चालतो. पण त्यालाही खालची मर्यादा असते. दीड टनाचा इन्व्हर्टर जिथे आणखी हळू होऊ शकत नाही, तिथे एक टनाचा निवांत चालत असतो. म्हणून इन्व्हर्टर घेतानाही क्षमता मोजूनच घ्यावी.

टन वाढवण्याआधी उष्णता कमी करा

वरच्या यादीत सगळ्यात मोठा आकडा छताचा आहे. स्लॅबवर चांगला पांढरा, उष्णता परतवणारा रंग दिला आणि पृष्ठभाग ५० वरून ३८ डिग्रीवर आला, तर ८०० चे ४०० वॉट होतात. कोकणात पावसासाठी गच्चीवर पत्र्याची शेड घालतात. बाजू उघड्या ठेवल्या आणि हवा खेळती राहिली तर तीही स्लॅबवरचं ऊन अडवते.

पश्चिमेच्या खिडकीला आतल्या पडद्यापेक्षा बाहेरचा आडोसा जास्त उपयोगी. चिकाची जाळी, बांबूचा पडदा, रुंद छज्जा, काहीही चालेल. काचेतून आत आलेलं ऊन पडद्याने पूर्ण परत जात नाही.

दाराखाली रबराची पट्टी लावली आणि फटी निम्म्या झाल्या तर १८० वॉट वाचतात, आणि त्यातला बहुतेक ओलावा असतो.

जुन्या कोकणी घरांनी हेच केलं होतं. जांभ्याच्या जाड भिंती, उतरतं कौलारू छप्पर, त्याखाली माळा, भोवती पडवी. ऊन कौलावर पडायचं, माळ्यावरची हवा मध्ये असायची आणि माणूस त्याखाली. ब्रह्मदेशचा पदच्युत राजा थिबा याच्यासाठी १९१० मध्ये रत्नागिरीत बांधलेल्या राजवाड्यालाही उतरती छपरं आणि मोठ्या खिडक्या आहेत. विजेचा गारवा हाताशी नसताना हवा खेळती ठेवणं हाच उपाय होता.

पण याच कारणाने कौलारू घरात एसी लावताना सावध राहावं लागतं. ते घर हवा जाण्यासाठीच बांधलेलं असतं. कौलांच्या फटींमधून तासाला पाच वेळा हवा बदलत असेल तर फटींचा आकडा ३६० चा १,८०० वॉट होतो. म्हणजे अर्धा टन फक्त बाहेरची हवा वाळवण्यात जातो. अशा खोलीला आधी घट्ट बसवलेलं फॉल्स सीलिंग हवं, मग एसी.

विकत घेताना काय बघायचं?

एक, टनाच्या आकड्याऐवजी लेबलवरची कूलिंग क्षमता वॉटमध्ये वाचा. एक टन म्हणून विकल्या जाणाऱ्या सगळ्या एसींची क्षमता सारखी नसते, कुणाची ३,३०० वॉट असते तर कुणाची ३,५००.

दोन, स्टार लेबलवरचा आयसीअर आकडा बघा. जितका जास्त, तितकी वीज कमी. लेबलवरची वर्षाची युनिटं १,६०० तासांच्या वापरावर काढलेली असतात. कोकणात एसी पावसाळ्यातही चालत असेल तर तुमचे तास त्याहून जास्त होऊ शकतात.

तीन, समुद्राची हवा. मांडवी, भाट्ये, मिऱ्या अशा किनाऱ्यालगतच्या भागात खाऱ्या हवेने बाहेरच्या युनिटच्या जाळ्या गंजतात आणि क्षमता घटते. तांब्याची कॉइल आणि गंजरोधक लेप असलेलं युनिट घ्या आणि ते साध्या पाण्याने अधूनमधून धुऊन घ्या.

चार, तापमान. १ जानेवारी २०२० पासून स्टार लेबल असलेले एसी सुरू होताना आपोआप २४ डिग्रीवर येतात. बीईई, म्हणजे ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीच्या म्हणण्यानुसार तापमान एक डिग्रीने वाढवलं की सुमारे ६ टक्के वीज वाचते. ओलावा नीट निघत असेल तर २६ डिग्री आणि हळू पंखा यातही झोप लागते. पावसाळ्यात ड्राय मोड वापरा.

हाच हिशोब हीटरलाही लागू होतो का?

होतो, फक्त उलट्या दिशेने. थंड प्रदेशात भिंती, छत, खिडकी आणि फटींमधून उष्णता बाहेर जाते, तेवढी हीटरने भरून काढायची. तिथे माणसं, टीव्ही आणि खिडकीतलं ऊन हे ओझं नसून मदत असते, म्हणून त्यांचे वॉट वजा होतात. परदेशात राहणाऱ्या नातेवाइकांना खोलीचा हीटर निवडायचा असेल तर त्यांनाही हीच यादी उपयोगी पडेल.

रत्नागिरीत मात्र यादीत एक ओळ कायम राहते, ती म्हणजे ओलावा. त्यामुळे दुकानात जाताना "दहा बाय बारा" एवढंच सांगू नका. मजला कितवा, वर स्लॅब की कौल, खिडकी कोणत्या दिशेला, माणसं किती आणि एसी दिवसा लागणार की रात्री, ही पाच उत्तरं कागदावर लिहून न्या. बेरीज घरीच करून ठेवा. २,६४० वॉटच्या खोलीला ५,२५० वॉटचा एसी कशासाठी, हा प्रश्न मग दुकानदाराला विचारता येईल.